वरून दिसणारं शेत

"बाई, हा एक तुकडा बघता का? मशीन म्हणतंय भात. मला नाही वाटत."

नवीन मुलीनं खुर्चीतून न उठता चाकांवरून सरकत येऊन पडद्यावर बोट टेकवलं. कालव्याच्या वळणाला चिकटलेला, एका बाजूनं चेपलेला चौकोन होता. नकाशेबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला, पण तो उगीच. तो तुकडा ओळखायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती.

"का नाही वाटत?" त्यांनी विचारलं.

"गेल्या हंगामातलं आहे हे. लावणीच्या वेळी पाणी दिसतंय, ते बरोबर आहे. मग हिरवंही झालंय. पण शेजारची शेतं कशी एकसारखी वाढलीत, आणि हे ठिगळं लावल्यासारखं. आणि कापणी कुठंय? सगळे कापून मोकळे झाले तरी हे आपलं पाण्यात उभं. त्याच्या आधीच्या वर्षीही तसंच." तिनं त्या वर्षीचं चित्र उघडलं. "मी यावर शंकेची खूण करून ठेवते."

"राहू दे. ते मी बघते."

"खूण तरी..."

"म्हटलं ना, राहू दे माझ्याकडे!"

आवाज जरा चढलाच. मुलीनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि खुर्ची सरकवत ती आपल्या टेबलाकडे गेली. त्या दिवसापासून ती कोणाशी हळू आवाजात बोलताना दिसली, की बाईंना वाटायचं, विषय आपलाच आहे.

तो तुकडा त्यांच्या वडिलांचा होता.

बाई या कार्यालयात लागल्या तेव्हा नकाशे शाईनं काढत. पारदर्शक कागद, बारीक टोकाचं पेन, आणि हात हलला की साहेबांची बोलणी. मग संगणक आले, शाई गेली, बाई राहिल्या. आता उपग्रहानं आकाशातून टिपलेली चित्रं वर्षावार लावून, कुठे कधी भात होतं आणि कुठे नव्हतं, याचा नकाशा करायचं काम चाललं होतं. जुनी चित्रं धुरकट होती, ढग आले की खाली काही दिसायचं नाही. अलीकडची ढगांच्या आरपार पाहणारी होती. भाताची एक चाल असते. आधी शेत पाण्यानं काळं दिसतं, मग रोप वाढेल तसं उजळत जातं, मग पिवळं पडतं आणि एके दिवशी एकदम मोकळं होतं. ही चाल ओळखायला मशीनला शिकवलं होतं. मशीन चुकलं तर माणसं बघत.

सगळी वर्षं एकापुढे एक पळवली, की भाताचा हिरवा रंग डोक्यावरच्या केसांसारखा विरळ होत जाताना दिसायचा. शिपाई एकदा ते बघून म्हणाला होता, "बाई, हे तर आपल्या मोठ्या साहेबांचं टक्कल." सगळे हसले होते. पण नकाशा हसण्यावारी न्यायचा नव्हता. पाटबंधारे खात्यानं तो मागवला होता. कालव्यालगतच्या ज्या शेतात सलग काही वर्षं भात नाही, त्याचं पाणी बंद करून ते कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना द्यायचं ठरलं होतं.

वडिलांचं शेत बाईंनी पडद्यावर पहिल्यांदा शोधलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. पुढे त्यांना सवयच लागली. दुपारचा डबा झाला, आजूबाजूला कोणी नसलं, की त्या हळूच ते शेत उघडायच्या. माहेरी जाणं कमी होत गेलं आणि हे बघणं वाढत गेलं. दादाशी भांडण असं कधी झालं नव्हतं. शेत दोघांच्या नावावर होतं, कसत दादा होता. आपण काही विचारलं तर त्याला वाटेल, ही वाटा मागायला लागली. त्यानं आपणहून फोन केला तर बाईंना वाटायचं, सही मागायला केला. अशानं बोलणं वर्षातून दोनदा-तीनदा, तेही लावणी-कापणीपुरतं उरलं.

आणि गेली काही वर्षं ते शेत भातासारखं वागत नव्हतं.

मुलीनं बोट ठेवलं त्याच दिवशी, घरी जाण्याआधी बाईंनी दादाला फोन लावला. बऱ्याच वेळानं वहिनीनं उचलला आणि दादाच्या हातात दिला.

"लावणी झाली का रे दादा?"

"झाली की. मागेच उरकली."

"माणसं मिळाली?"

"मिळाली. का गं?"

"सहज. यंदा कुठलं बियाणं घेतलंस?"

मग त्यानं विचारलं, "बारके, तुला तिथून सगळं दिसतं म्हणतात. मग मला कशाला विचारतेस?"

"तसं काही नाही रे. नुसते रंग दिसतात."

"मग रंग बघ की," तो म्हणाला आणि फोन ठेवला गेला.

त्यांचा नवरा विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचा. कोणाचं दुकान खरंच जळलं आणि कोणी जाळलं, हे शोधण्यात त्याचा जन्म गेला होता. संशय हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता आणि तो तो घरीही आणायचा. वाण्यानं साखर चांगली दिली तरी हा विचार करायचा, आज का दिली?

"बारमाही पाणी ना?" जेवताना तो म्हणाला. "म्हणजे मासे. सरळ आहे. तुझ्या भावानं शेत कोणाला तरी तळ्यासाठी दिलंय."

"तळ्यात हिरवं कसं दिसेल?"

"शेवाळ. आणि तुला फोनवर काय सांगतो? लावणी झाली. माणूस खोटं कधी बोलतो? लपवायला काही असेल तेव्हा."

"अहो, तो माझा भाऊ आहे."

"माझ्याकडे येणारे सगळे कोणाचे तरी भाऊच असतात," नवरा म्हणाला आणि त्यानं आमटी वाढून घेतली.

बाई त्याच्यावर रागावल्या, पण त्याचं म्हणणं त्यांच्या मनातून जाईना. उलट तिथे आणखी फांद्या फुटल्या. वहिनी आताशा फोनवर घाईत का असते? दादा मागच्या लग्नाला का आला नाही? पाय दुखतोय म्हणाला होता. पाय दुखायला त्याचं वय ते काय?

त्यानंतर काही आठवड्यांनी प्रत्यक्ष पाहणीचं ठरलं. नकाशात जे भात म्हटलंय ते जमिनीवर खरंच भात आहे का, हे काही ठिकाणी जाऊन बघायचं होतं. मॅडम वयानं बाईंपेक्षा लहान, पण या कामाच्या प्रमुख होत्या. त्यांनी रस्ते वाटायला घेतले, तेव्हा बाई म्हणाल्या, "कालव्याच्या वळणाचा भाग मी करते. मला वाट माहीत आहे."

"तुमचं गाव तिकडेच ना कुठे?"

"हो, त्या बाजूला," बाई म्हणाल्या. तिथे आपलं शेत आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. नवीन मुलगी समोरच बसली होती. ती मान खाली घालून काहीतरी टंकत राहिली.

दादालाही त्यांनी कळवलं नाही. कळवलं तर सगळं झाकपाक करून ठेवील, असं त्यांच्या मनात आलं. हे आपण नवऱ्याच्या भाषेत बोलतोय, हेही त्यांच्या ध्यानात आलं. पण त्यांनी फोन केला नाही तो नाहीच.

सरकारी गाडी बांधाकडेला थांबली की त्या भागात बातमी वाऱ्याआधी पोचायची. बाई हातातलं यंत्र घेऊन शेतात उतरायच्या, जागेची नोंद घ्यायच्या, फोटो काढायच्या. तोवर चार माणसं गोळा व्हायची.

"रस्ता जाणार का इथून?"

"नाही हो. पीक बघतोय."

"मागे एकजण असाच पीक बघायला आला होता. नंतर विजेचे खांब आले."

एक म्हातारा शेतकरी तर सगळ्यांवर कडी होता. त्याच्या मागे केळीची बाग डोलत होती आणि तो छातीवर हात ठेवून सांगत होता, "भात आहे बाई. लिहा, भात."

"बाबा, ही केळी आहेत."

"यंदा केळी. पण मनानं ते शेत भाताचंच आहे."

ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. बाईंनाही हसू आलं. पण कोणीच आपल्याला खरं सांगत नाही आणि कोणाचंच आपल्याला खरं वाटत नाही, याचा शीण त्यांना दुपारपर्यंत चांगलाच जाणवला. पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस, तेवढा सायकल टेकवून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, वरून पाणी दिसलं की भात समजतात म्हणे. खरंय का?"

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला आणि टांग मारून निघून गेला.

दादाच्या शेताशी पोचल्यावर बाईंनी ड्रायव्हरला गाडी अलीकडेच, झाडांमागे लावायला सांगितली. एकट्या चालत गेल्या.

आजूबाजूचं भात पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात आलं होतं. मधोमध त्यांचं शेत पाण्यानं डबडबलेलं होतं. त्यात लव्हाळा माजला होता, कडेनं पाणकणीस माणसाच्या उंचीला गेलं होतं. भाताचं एक रोप नव्हतं. मासेही नव्हते, तळंही नव्हतं. नुसतं पाणी आणि गवत. बाईंना काही कळेना. त्यांनी यंत्र उचललं, फोटो काढला.

मग त्यांना ती दोरी दिसली. घराच्या ओसरीच्या खांबापासून एक काथ्याची दोरी निघाली होती. ती आंब्याच्या बुंध्याला वेढा घालून बांधाच्या कडेनं, खुंट्याखुंट्यांवरून, थेट कालव्याचं पाणी शेतात येतं त्या तोंडापर्यंत आली होती. आणि दोरीवर हात ठेवून, एक पाऊल टाकून मग दुसरं टाकत, दादा येत होता.

तो तोंडाशी आला, वाकला, हातानं चाचपून त्यानं पाणी अडवायची फळी वर ओढली. पाणी खळाळत शेतात शिरलं. तो कान देऊन उभा राहिला. बाई त्याच्या एवढ्या जवळ होत्या की त्याच्या सदऱ्याचं चुकीच्या काजात घातलेलं बटण त्यांना दिसत होतं. त्याची नजर त्यांच्या दिशेनं होती, आणि ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी जात होती.

हातातलं यंत्र नोंद पूर्ण झाल्याचा बारीक आवाज करून गप्प झालं.

"कोण आहे?" दादानं विचारलं.

बाईंनी यंत्र खाली केलं.

"पाटकरी का? का पाहणीवाले?" तो जरा हसला. आवाजात उसना जोर आणून म्हणाला, "बघून घ्या. यंदा भात बरं आहे. थोडं तण झालंय, पण बरं आहे. वर तसं कळवा."

"दादा."

त्यानं आधी काय केलं असेल, तर दोरी सोडली. दोन्ही हात पाठीमागे घेतले. चोरी पकडली जावी तसे. आणि मग त्याला हलता येईना. अरुंद बांधावर, दोरीविना, तो खांबासारखा उभा राहिला.

"एकटीच आलीस?" त्यानं विचारलं. "का कागद घेऊन आलीस?"

"कसले कागद?"

"विकायचे."

बाई पुढे झाल्या. त्यांनी त्याचा हात धरून दोरीवर ठेवला. तेवढं त्यानं करू दिलं.

ओसरीवर वहिनीनं पाणी आणून दिलं आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. दादा डोळ्यांबद्दल बोलायला तयार नव्हता, तेव्हा तीच बोलली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, म्हणाली. हे दाराला धडकायचे, मी म्हणायची, लक्ष कुठे असतं तुमचं? डॉक्टरकडे गेलो तोवर उशीर झाला होता. एक डोळा पार गेला, दुसऱ्यानं उजेड-अंधार कळतो. काचबिंदू म्हणाले. लावणीला माणसं मिळत नाहीत, सगळी वीटभट्टीवर जातात. मी एकटी किती करणार? पहिल्या वर्षी अर्धं लावलं. मग तेही जमलं नाही.

"मग पाणी कशाला सोडता?" बाईंनी विचारलं.

"पाणी दिसलं नाही तर तोंड बंद करतील म्हणून," दादा म्हणाला. "एकदा तोंड बंद झालं की ते शेत भाताचं राहत नाही. मग कोणीही यावं, टपरी टाकावी."

"पण मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, दादा, झेपत नाही तर विकून टाकू."

"मी असं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस. पण नवरा तुझा काय कामाला आहे ते मला माहीत आहे."

बाईंना राग आला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. त्या काही बोलणार, तोच दादानं विचारलं, "वरून बघत होतीस ना आमचं शेत?"

"हो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. कधी कधी महिन्या-महिन्याला."

"मग मी नाही दिसलो?"

"माणसं दिसत नाहीत रे दादा. तेवढं बारीक दिसत नाही त्यात."

"म्हणूनच फोन असतो," दादा म्हणाला. "फोनवर तू विचारायचीस, लावणी झाली का, कापणी झाली का, बियाणं कुठलं. दादा, तू कसा आहेस, हे तू कधी विचारलंस, सांग बरं."

बाईंनी आठवून पाहिलं. खूप मागे जाऊन पाहिलं. वहिनी म्हणाली, "जाऊ द्या हो. तुम्ही तरी त्यांना कधी विचारलंत?"

निघताना वहिनी झाडांपर्यंत पोचवायला आली. "वन्सं," ती म्हणाली, "काय लिहायचं ते तुमच्याच हातात आहे ना? भात लिहिलंत तर कोणाला कळणार आहे?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि काहीच कबूल केलं नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी तो फोटो उघडला. पाणकणीस, लव्हाळा, आणि एका कोपऱ्यात नकळत आलेली दोरी. पुसून टाकायला एक बोट पुरे होतं. दुसऱ्या कोणाच्या हिरव्यागार शेतात उभं राहून नवा फोटो काढला, की काम भागलं असतं.

"पुढे कुठे, बाई?" ड्रायव्हरनं विचारलं.

पुढचं ठिकाण कालव्याच्या शेपटाला होतं. तिथे कालवा होता, पण त्याच्या तळाला भेगा होत्या आणि भेगांवरून शेळ्या हिंडत होत्या. एक बाई खड्ड्यातलं गढूळ पाणी तांब्यानं कळशीत भरत होती. तिनं गाडीकडे पाहिलं आणि उठायचे कष्ट घेतले नाहीत.

"फोटो काढायला आलात?"

"हो."

"काढा. दरवर्षी कोणीतरी येतं." तिनं तांब्या परत खड्ड्यात बुडवला. "वर लोक पेरत नाहीत, पाणी मात्र सोडून देतात. ते नाही दिसत तुम्हाला तिथून?"

बाईंनी फोटो काढला, नोंद घेतली. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरनं त्यांना दोनदा चहाबद्दल विचारलं, त्यांना ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "वळणावरचा तो तुकडा माझ्या माहेरचा आहे. माझं नाव आहे त्यावर. तिथे भात नाही, काही वर्षं नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि तो रस्ता तुम्ही मागून घेतलात."

"हो."

"म्हणजे त्या रस्त्यावरच्या बाकीच्या नोंदींचं मी काय समजू?"

"परत तपासायला लावा. दुसऱ्या कोणाला तरी."

"लावावंच लागेल," मॅडम म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, पण बसाही म्हणाल्या नाहीत.

चारचौघांत बातमी फिरली. इतकी वर्षं बाईंच्या शब्दावर चालणाऱ्या नकाशाकडे आता लोक तिरक्या नजरेनं पाहू लागले. शिपाईसुद्धा चहा ठेवताना जरा जास्तच अदबीनं वागायला लागला, तेच त्यांना जास्त लागलं. तपासणीला नवीन मुलीला पाठवलं. ती दोन दिवसांनी परत आली, तिच्या सगळ्या नोंदी बाईंच्या नोंदींशी जुळल्या. संध्याकाळी ती खुर्ची सरकवत त्यांच्या टेबलाशी आली.

"बाई, एक सांगू? मी तेव्हा कोणाला काहीच बोलले नव्हते. त्या तुकड्याबद्दल."

"मला वाटलं होतं बोललीस."

"मला कळलं होतं, तुम्हाला तसं वाटतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांनी मला पाणी दिलं प्यायला. तुमच्या भावानं. मी कोण ते सांगितलं तरी."

नकाशा गेला. महिन्याभरात कालव्याचं ते तोंड सिमेंटनं बुजवलं. त्या दिवशी दादाचा फोन आला. त्यानं आपणहून केलेला.

"बंद केलं त्यांनी," तो म्हणाला.

"हो दादा. मीच कळवलं, भात नाही म्हणून."

"माहीत आहे. ती पोरगी खोटं बोलणारी नव्हती, म्हणजे तूही नसणार." पाण्याचा आवाज नसलेल्या शेताची शांतता फोनमधून येतेय, असं बाईंना वाटलं. "पाणी कोणाला गेलं?"

"शेपटाकडच्या गावांना."

"पोचलं का तिथवर?"

"अजून नाही बघितलं. बघून सांगते." आणि फोन ठेवायच्या आधी, जीभ जड झाली तरी, त्यांनी विचारलं, "दादा, तू कसा आहेस?"

"आता विचारतेस?" तो म्हणाला. "बरा नाही."

पुढच्याच आठवड्यात त्या त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आल्या. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण उरलाय तेवढा उजेड थेंब घालून टिकवता येईल. दादा त्यांच्याकडे चार दिवस राहिला. नवऱ्यानं माशांचा विषय पुन्हा काढला नाही. तो बाजारातून एक चांगली, खाली लोखंडी टोक असलेली काठी घेऊन आला आणि दादाच्या खुर्चीशी उभी करून ठेवली.

"हे काय?" दादानं ती चाचपली.

"काठी आहे. मजबूत आहे, मी तपासून घेतलीय."

"मी आंधळा नाही," दादा म्हणाला. तरी जाताना ती काठी त्याच्याबरोबर गेली.

पाणी उतरलं. वहिनीनं आणि शेजारच्या जोडप्यानं मिळून लव्हाळा उपटला, पाणकणीस जाळलं. चिखल घट्ट होत आला, तशी बाईंनी रजा टाकली आणि त्या माहेरी गेल्या. ओल आहे तोवर चवळी टोकायची ठरली. तिला वरून पाणी लागत नाही.

सकाळची वेळ होती. दादा कोणाचा हात न धरता शेतात उतरला. बांधावर तो चाचपडायचा, पण आत, मोकळ्या जमिनीवर त्याचे पाय सरावलेले होते. त्यानं बाईंच्या नवऱ्यानं दिलेली काठी उलटसुलट करून पाहिली, लोखंडी टोक खाली धरलं आणि जमिनीत रोवलं. भोक पडलं. एक पाऊल पुढे, दुसरं भोक. मागून बाई दोन-दोन दाणे टाकत होत्या, त्यांच्यामागून वहिनी पायानं माती लोटत होती. शेताच्या अर्ध्यावर आल्यावर दादा थांबला.

"बारके, ओळ सरळ आली का?"

बाईंनी मागे वळून पाहिलं.

"खरं सांग," दादा म्हणाला.

"वाकडी आहे, दादा. उजवीकडे, आंब्याकडे जातेय."

"किती?"

"हातभर."

वहिनीनं डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं. दादानं मान हलवली. शेवटचं भोक अनवाणी टाचेनं शोधलं, तिथून हातभर डावीकडे सरकला, आणि काठी उचलून म्हणाला, "आता?"

"आणखी थोडं," बाई म्हणाल्या. "हं. तिथे."

त्यानं काठी रोवली.